एकोणिसावं आणि सहावं गुणसूत्र: एचआयव्ही-एनके पेशींच्या कामात उतरणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या मुलांना आनुवंशिकता सिकलसेलमुळे लवकर कळते. एका जनुकातला एक बदल: दोन्ही प्रतींत असेल तर आजार, एकीत असेल तर मलेरियापासून बरंचसं संरक्षण. एमएस्सी झाल्यावर मी नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागले, ती हेच गणित डोक्यात घेऊन. त्या एका-जनुकाच्या गणितात माझे पाच महिने वाया गेले.

काम होतं एचआयव्हीबाधितांच्या रक्तातली केआयआर जनुकं तपासण्याचं. एनके म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांच्यावरचे केआयआर हे रिसेप्टर समोरच्या पेशीवरचं एचएलए, म्हणजे त्या पेशीची ओळख सांगणारं प्रथिन, ओळखतात. मी पीसीआर लावून त्यातलं केआयआर३डीएस१ हे जनुक कुणात आहे, कुणात नाही याचा तक्ता केला आणि प्रयोगशाळेच्या मॅडमपुढे ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "यांचं एचएलए कुठाय?" ते मी केलंच नव्हतं. डीएनए शिल्लक होता म्हणून निभावलं.

नव्याने येणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. केआयआर एकोणिसाव्या गुणसूत्रावर, एचएलए सहाव्यावर. दोन्ही वेगवेगळी वारशाने येतात, त्यामुळे रिसेप्टर आहे पण त्याचा जोडीदारच नाही अशी माणसं भरपूर भेटतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केआयआर३डीएस१ सोबत बीडब्ल्यू४ गटातलं, ८० व्या जागी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल असलेलं एचएलए-बी होतं, तिथे एड्सकडे वाटचाल मंद दिसली. जोडीदार नसताना तेच केआयआर३डीएस१ असलेल्यांचा आजार उलट झपाट्याने वाढला. एकच जनुक, दोन उलट निकाल! माझ्या तक्त्यात ही दोन्ही माणसं एकाच रकान्यात बसली होती.

पुढचा गुंता मला जास्त आवडतो. केआयआर३डीएल१ हा तर एनके पेशीला ब्रेक लावणारा रिसेप्टर. तरी २००७ मध्ये दिसलं, की पेशीवर भरपूर उमटणारे त्याचे काही प्रकार बीडब्ल्यू४ सोबत आले तर तेही फायद्याचे ठरतात. हे असं का? एक पटणारं स्पष्टीकरण असं: पेशी घडताना ज्या एनके पेशीला आपल्याच एचएलएची सवय होते, ती ते गायब झालेलं दिसताच जोरात उठते. एचआयव्हीचं नेफ प्रथिन, एचएलए पाहून बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशींना चुकवायला एचएलए-ए आणि बी पेशीच्या पृष्ठभागावरून हटवतं, म्हणजे विषाणू स्वतःच तो ब्रेक काढून देतो. पण २०११ मध्ये विषाणूही काही केआयआरच्या दबावाखाली आपला क्रम बदलतो, असं दिसलं. वाचायला सुरुवात याच तीन अभ्यासांपासून करा, क्रमाने.

आता हाताच्या कामाचं. नवतपात नमुना स्कूटरच्या डिकीतून आणू नका. एनके पेशी उन्हाने मंदावतात, आणि मग तुम्ही मांडता तो उन्हाचा परिणाम, जनुकाचा नव्हे. रक्त त्याच दिवशी वेगळं करा. पृष्ठभागावर सीडी३ ही खूण नसलेल्या, सीडी५६ असलेल्या पेशी निवडा, त्याच एनके. आणि सीडी१०७ए (एनके पेशीने हल्ला केल्याची खूण) मोजताना के५६२ पेशींचा (एनके पेशींना हमखास उठवणाऱ्या कर्कपेशी) नियंत्रण नमुना कधीच वगळू नका. केआयआर३डीएल१ला चिकटणारं डीएक्स९ प्रतिपिंड चिकटलं नाही म्हणून 'केआयआर३डीएल१ नाही' असं लिहू नका. त्याचा ००४ हा प्रकार बहुतेक पेशीच्या आतच अडकून राहतो. त्यासाठी जनुकतपासणी हवीच. सांख्यिकी मात्र कुणाकडून तरी समोर बसून शिका, वाचून ती जमत नाही.

आणखी एक. हे गाजलेले निष्कर्ष मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या लोकांवरचे, आणि तिथला विषाणू बहुतेक बी उपप्रकाराचा. आपल्याकडे सी उपप्रकार जास्त, एचएलएचं वाटपही वेगळं. म्हणून त्यांचा निकाल आपल्या रुग्णाला जसाच्या तसा लावायचा मोह आवरा.

तो मोह रुग्णालाही होतो. रक्त द्यायला आलेल्या एका काकांनी संमतीपत्र बाजूला ठेवून मला विचारलं, "ताई, माझे जीन्स चांगले निघाले तर गोळ्या बंद करता येतील का?" मी म्हणाले, "नाही काका, गोळ्या रोज, कधीच चुकवायच्या नाहीत." तेव्हापासून आमच्या संमतीपत्रात साध्या मराठीत एक ओळ आहे: या तपासणीमुळे तुमच्या औषधांत काहीही बदल होणार नाही. सही घेण्याआधी ती मी मोठ्याने वाचते.