रोज दहा ओव्या: घरातला ज्ञानेश्वरीचा अभ्यास

सात दिवसांच्या पारायणात रोज जवळजवळ १,३०० ओव्या होतात. त्या वाचनाला त्याचं मोल आहेच, पण एखाद्या ओवीपाशी थांबायला तिथे उसंत नसते. घरच्या अभ्यासाला दहा ओव्या आणि पंधरा मिनिटं पुरतात.

सुरुवात बाराव्या अध्यायापासून करा. पहिल्या अध्यायात गणेशाच्या रूपकातच षड्दर्शनं (तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा) येतात, सहाव्यात कुंडलिनी (योगातली सुप्त शक्ती), आणि मुलं तिथेच गळतात. बारावा भक्तियोगाचा: गीतेचे २० श्लोक, त्यांवर २४७ ओव्या. रोज दहा धरल्या तर वाचनाचे साधारण २५ दिवस लागतात. प्रती सार्थ, म्हणजे अर्थासह छापलेल्या, घ्या आणि सगळ्यांकडे एकच आवृत्ती ठेवा. वेगवेगळ्या पाठांत ओव्यांचे क्रमांक पुढेमागे होतात. आजी-आजोबा गावाकडे आणि मुलं परदेशात असतील, फोनवरून वाचन चालत असेल, तर हे जास्तच सांभाळावं लागतं.

वेळ दिवेलागणीची किंवा जेवणानंतरची, पण रोज तीच. एकाने ओवी मोठ्याने दोनदा म्हणायची. पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड. त्या चौथ्यापाशी क्षणभर थांबलं की अर्थ निम्मा उलगडतो. मग दुसऱ्याने तो आपल्या बोलीत सांगायचा. छापील अर्थ सगळ्यांत शेवटी बघायचा. तो आधी वाचला की ओवीकडे कुणी वळून पाहत नाही. अडणारे शब्द वहीत टिपा: येर म्हणजे इतर, तोय म्हणजे पाणी, पढियंता म्हणजे लाडका. तीसेक शब्द जमले की जुन्या मराठीचं भय जातं. वाचणारं मूल अडखळलं तर मध्ये टोकू नका, ओवी पुरी होऊ द्या.

पंधराव्या दिवसाच्या आसपास ही ओवी येईल:

गाईची तृषा हरूं । कां व्याघ्रा विष होऊनि मारूं ।
ऐसें नेणेंचि गा करूं । तोय जैसें ॥

गाईची तहान भागवावी आणि वाघाला मात्र विष होऊन मारावं, असं पाण्याला ठाऊकच नसतं. इथे घाई करू नका, त्या दिवशी ही एकच ओवी पुरे. प्रत्येकाने मनाशी विचारायचं: आज मी कुणाशी वेगळा वागलो? उत्तर सांगायची सक्ती नको. सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. मोठी माणसं तीच ओवी मुलांवर उगारतात, ‘बघ, भावाशी कसं वागावं ते!’ ओवीचा असा छडीसारखा वापर एकदा जरी झाला, तरी पोर पुढे मन उघडत नाही. नियम एकच: ओवी स्वतःलाच लावायची. आईबाबांनी आपली चूक आधी कबूल केली तर मुलं आपण होऊन बोलतात.

‘देव खरंच असतो का?’ असं मोठ्या मुलाने विचारलं तर त्याला गप्प करू नका. अर्जुनाच्या प्रश्नांवरच सगळी गीता उभी आहे. प्रश्न वहीत तारखेसह लिहा आणि अध्याय संपल्यावर पुन्हा काढा.

आठवड्यातून एक ओवी प्रत्येकाने स्वतः निवडून पाठ करावी. निवड दुसऱ्याने सुचवू नये. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी वीस ओव्या वाचू नका, थांबलात तिथूनच पुढे चला. रविवारी फक्त उजळणी आणि पसायदानाच्या नऊ ओव्या. बारावा झाला की नववा घ्या. तो ५३५ ओव्यांचा आहे, तेव्हा दोन महिने हाताशी ठेवा.