जुन्या गाडीचा अडकलेला सीट बेल्ट मोकळा कसा करावा

सीट बेल्ट दोन तऱ्हांनी अडकतो: ओढल्यावर बाहेर येत नाही, किंवा बाहेर आलेला पट्टा परत आत जात नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. तरीही विचारावे त्याच्याकडून एकच उपाय ऐकू येतो, तो म्हणजे "आत थोडे तेल सोडा". पट्टा गुंडाळणाऱ्या पेटीत, म्हणजे रीट्रॅक्टरमध्ये, तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे कधीही मारू नये. तेलावर धूळ बसून तिचा चिखल होतो, लॉकचे हलके भाग त्यात चिकटतात आणि तो पट्टा ऐन वेळी धरील याची खात्री उरत नाही.

पट्टा आत जाण्यास कुरकुरत असेल, तर तो पूर्ण बाहेर ओढून पेटीच्या तोंडाशी मजबूत चिमटा लावावा, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नये. ब्लीच वापरल्यास धागे कमजोर होतात. सांगलीच्या मार्केट यार्डात फिरणाऱ्या गाडीच्या पट्ट्यावरचे हळदीचे डाग जाणार नाहीत. ते राहू द्यावेत, कारण अडथळा रंगाचा नसून घाम आणि धुळीच्या थराचा असतो. हाच थर खांद्याजवळच्या कडीत, जिच्यातून पट्टा वळतो, काळा आणि चिकट होऊन बसलेला असतो. ती कडी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावी. आळशी पट्ट्याचे काम बहुतेक वेळा इथेच संपते.

खरी कसोटी लागते ती पट्टा बाहेरच येत नसेल तेव्हा. प्रथम गाडी सपाट जागेवर आणावी. पेटीत एक लहान गोळी किंवा लंबक असतो. गाडी जोरात थांबली अथवा फार कलली की तो सरकून लॉक लावतो. त्यामुळे साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात उतारावर उभ्या केलेल्या गाडीचा पट्टा अडकला, तर तो बिघडला असे नसून आपले काम करत आहे असे समजावे. सपाटीवरही तो सुटत नसेल, तर पट्टा घट्ट ओढून क्षणभर धरावा आणि एकदम सोडावा. स्प्रिंग त्याला थोडासा आत खेचते, तेवढ्यात खिट्टी दात्यातून निसटते. लगेच पट्टा अगदी सावकाश बाहेर घ्यावा. घाईने हिसके देत राहिल्यास प्रत्येक हिसक्याला लॉक पुन्हा लागतो.

याने भागले नाही, तरच दारामागच्या खांबाच्या तळाचे प्लॅस्टिक काढावे. पेटीला विजेची वायर जोडलेली दिसली, तर हात लावू नये. ती बहुधा अपघातात पट्टा आवळणाऱ्या स्फोटक भागाची असते आणि ते काम अधिकृत वर्कशॉपचेच आहे.

साधी पेटी असेल तर बोल्ट काढण्यापूर्वी ती कोणत्या कोनात बसली आहे, याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण याच टप्प्याने मला पूर्वी सर्वांत जास्त छळले आहे. पेटी हातात आली की ती जराशी कलताच पट्टा अडकतो आणि माणूस समजतो की आतले यंत्र गेले. चांगल्या पेट्या केवळ या गैरसमजापोटी भंगारात जातात. गाडीत होती त्याच कोनात ती हातात धरावी, थोडी इकडेतिकडे झुकवून पाहावी आणि पट्टा हळूच ओढावा. नेमका कोन साधताच तो सुरळीत सुटू लागतो. पुढच्या आणि मागच्या सीटच्या पेट्यांचे कोन वेगळे असतात, म्हणून त्यांची अदलाबदल करू नये.

योग्य कोनातही अडकत असेल, तर टायरवाल्याकडच्या हवेने बाहेरूनच कचरा उडवावा. नाणे, बेदाणा, उसाचे चिपाड असे काहीही निघू शकते. स्प्रिंगच्या बाजूचे झाकण मात्र उघडू नये. गुंडाळलेली स्प्रिंग उसळून हात कापते आणि मूळ ताणावर पुन्हा बसवणे घरी जमत नाही. २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात गाडी सीटपर्यंत बुडाली असेल, तर या खटपटीत पडूच नये. पेटी खांबाच्या तळाशी असल्याने आत गाळ आणि गंज गेलेलाच असतो, ती बदलावी.

परत बसवताना मूळ बोल्टच वापरावा, हार्डवेअरच्या दुकानातला नव्हे. मग पट्ट्याला जोरात झटका द्यावा. तो जागीच धरला गेला नाही, तर कितीही मऊ सरकत असला तरी रीट्रॅक्टर नवा घ्यावा. भंगार बाजारातला आणू नये, कारण तो एखाद्या अपघातात ताणला गेला आहे का, हे बाहेरून दिसत नाही.