परदेशात स्वयंसेवेला निघालात? या चुका टाळा

"पगार घेतच नाही, मग कामाचा व्हिसा कशाला?" घोळ इथूनच सुरू होतो. बऱ्याच देशांत पगार मिळतो का यापेक्षा काम करता का, हे बघतात. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त 30 दिवस, तेही स्वयंसेवा हे प्रवासाचं मुख्य कारण नसेल तरच. 'विमानतळावर फिरायला आलो म्हणून सांगा' असा सल्ला देणाऱ्या संस्थेचा नाद तिथेच सोडावा. तोंडाने 'फिरायला' आणि बॅगेत कामाचं वेळापत्रक, हे सापडायला वेळ लागत नाही. कामाचं स्वरूप आणि दिवस लिहून दूतावासाला ईमेल करा, आलेल्या उत्तराची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती बांधकामाची हौस. आयुष्यात थापी न धरलेली दहा-बारा माणसं शाळेची भिंत उभारायला उतरतात. विटा भिजवायच्या राहतात. कोरडी वीट मालातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं, पाणी पिऊन टाकते. माल आवळला की कुणीतरी घमेल्यात तांब्याभर पाणी ओततं. माल मऊ होतो, ताकद मात्र जाते. विटांमधले उभे सांधे एकावर एक येतात, तिथे भिंत कमजोर राहते. फोटो काढायचाय म्हणून एकाच दिवसात भिंत डोक्याच्या वर नेतात, खालच्या ओल्या थरांवर वजन येतं आणि भिंत ओळंब्यातून (दोरीला वजन बांधून तपासतात त्या उभ्या रेषेतून) सुटते. दुसऱ्या दिवशी गवंडी मुकाट्याने ती उतरवून पुन्हा रचतो. सिमेंट दोनदा, मजुरी दोनदा.

तेव्हा थापी गवंड्याच्या हातात राहू द्या. तुम्ही वाळू चाळा, घमेली वाहा, पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत विटा भिजवा. दर तिसऱ्या थराला ओळंबा धरा. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. दिवसाला दीड मीटरच्या वर जाऊ नका. पुढचे निदान सात दिवस भिंतीवर पाणी कोण मारणार, हे निघायच्या आधी नावानिशी ठरवा, कारण पाहुणे बहुधा पाचव्या दिवशी परततात. बिगारीचं काम कमीपणाचं वाटत असेल तर बांधकामाच्या प्रकल्पाला नाव देऊच नका.

अनाथाश्रमात दोन आठवडे 'माया लावायला' जाणं तर नकोच. नेपाळ आणि कंबोडियात उघड झालंय की, अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं घरून आणली जातात. पोलीस पडताळणी न मागता तुम्हाला मुलांजवळ सोडणारी संस्था बाकी काय सांभाळत असेल?

लसी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी ग्राह्य होतं. रेबीजच्या आगाऊ लसीच्या दोन मात्रांत सात दिवसांचं अंतर लागतं. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायचं. लोक विमानात बसले की बंद करतात.

पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी उरू द्या.

साध्या प्रवास विम्यात अंगमेहनत, उंचीवरचं काम आणि दुचाकी बहुधा वगळलेली असते. आधी ते वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा, मग शिडीवर चढा.