खड्डा टेकडीसारखा दिसतोय? फोटो फिरवा

यानाने कक्षेतून टिपलेल्या फोटोत आघात विवरं (म्हणजे अवकाशातून दगड आदळून झालेले खड्डे) कधी कधी खोल न दिसता फुगलेली दिसतात, आणि मग पुढचं सगळं वाचनच उलटं होतं. नागपुरात भाचीच्या विज्ञान प्रकल्पासाठी मंगळाच्या गेल विवराचे फोटो बघताना आमचं नेमकं हेच झालं.

१. आधी ऊन कुठून येतंय ते ठरवा. फोटोसोबतच्या माहितीत सूर्याची दिशा बहुतेक वेळा दिलेली असते.

२. मोबाइलच्या गॅलरीतच फोटो असा फिरवा की उजेड वरून, शक्यतो वर-डावीकडून येईल. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, त्यामुळे फोडासारखे दिसणारे गोल लगेच खड्डे होतात. भाचीला तर एका झटक्यात कडा, उतार, घसरलेला मलबा सगळं दिसलं.

३. तरी शंका असेल तर जेमार्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये विवरावर आडवी रेघ ओढून उंचीचा आलेख बघा.

आपलं लोणारही यातून सुटत नाही. उपग्रह सकाळी जातात तेव्हा आपल्याकडे ऊन बहुधा आग्नेयेकडून असतं, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या फोटोत उजेड खालून येतो.

एक जपा: विवरातलं सगळंच खोलगट नसतं. १५४ किलोमीटर रुंद गेलच्या मध्यात सुमारे ५ किलोमीटर उंचीचा खराखुरा डोंगर आहे.