इंग्लिशच्या क्लाससाठी पुस्तक कसं वाचायचं आणि रिफ्लेक्शनमधे नक्की लिहायचं काय

मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे आणि गेली तीन-चार वर्षं इंग्लिशच्या क्लाससाठी नॉव्हेल, नाटक, कविता असं सगळं वाचतेय, आणि प्रत्येक वेळी वाचून झालं की रीडिंग जर्नल म्हणजे रिफ्लेक्शन लिहावं लागतं. पहिलं वर्षभर मी जे लिहायचे तो निव्वळ सारांश असायचा, म्हणजे अमुक कॅरेक्टर इथे गेलं मग असं झालं मग तसं झालं, आणि मॅडम त्याखाली लिहायच्या की गोष्ट कळली पण तुला काय वाटलं ते कुठे आहे? मला खरंच कळायचं नाही की अजून काय लिहायचं. ते कळायला बराच वेळ गेला म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी पानांचा हिशोब. पुस्तक हातात आलं की घड्याळ लावून १० पानं वाचा आणि किती मिनिटं लागली ते पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. समजा २४० पानांचं नॉव्हेल आहे आणि हातात १५ दिवस आहेत तर रोजची १६ पानं होतात, म्हणजे कठीण काहीच नाही, पण शेवटच्या दोन रात्रींवर ढकललं तर रोज १२० पानं होतात आणि मग डोळे फक्त ओळींवरून फिरतात. बरीच जुनी नॉव्हेल्स तर मुळात हप्त्याहप्त्यानेच आली होती. डिकन्सचं ग्रेट एक्स्पेक्टेशन्स डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ असं दर आठवड्याला थोडं थोडं छापून येत होतं, लोक पुढच्या भागाची वाट बघायचे. एका दमात संपवायला ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे हळू वाचताय म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता डिक्शनरी. दर ओळीला थांबून शब्द बघितला तर गोष्टीचा धागा सुटतो, हे माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं होतं. आता मी पहिल्यांदा वाचताना अडलेल्या शब्दाखाली नुसता पेन्सिलीने टिंब देते आणि पुढे जाते, चॅप्टर संपला की टिंबं बघते, निम्म्या शब्दांचा अर्थ तोवर आपोआप लागलेला असतो. जो शब्द दोनतीनदा आलाय किंवा ज्याच्यामुळे अख्खं वाक्यच कळलं नाही तेवढाच शोधायचा. पुस्तक लायब्ररीचं असेल तर कागदाची एक पट्टी बुकमार्क म्हणून ठेवा आणि त्यावर पान नंबर टाका, पुस्तकावर काही लिहू नका.

चॅप्टर संपल्यावर पुस्तक मिटायचं आणि न बघता चार-पाच ओळी लिहायच्या, काय झालं आणि काय कळलं नाही. ही पायरी सगळे गाळतात आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात कामाची आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मधे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे, काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. टेस्ट काही पाच मिनिटांनी नसते ना, म्हणून.

आणि या ओळी मराठीत लिहिल्या तरी काही बिघडत नाही!! हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. मी इंग्लिशमधे विचार करायला बसले की जी वाक्यं आधीपासून पाठ आहेत तीच सुचायची, "फार छान वर्णन आहे" टाइप. मराठीत लिहिलं की खरं काय वाटलं ते येतं, म्हणजे "ही बाई मुद्दाम गप्प बसलीये" किंवा "याचा मला राग आला, का ते माहीत नाही". ते आधी कागदावर आणायचं, इंग्लिश नंतर करायचं.

आता खरं रिफ्लेक्शन. वाचताना कुठेतरी आपण थांबतो, कधी राग येतो, कधी कळत नाही, कधी ओळ परत वाचावीशी वाटते, ती थांबलेली जागा म्हणजेच तुमचा विषय. सगळ्या पुस्तकावर लिहायला जाऊ नका, एकच जागा घ्या. समजा गोष्टीत एक वडील मुलाला पत्र लिहितात आणि पोस्टात न टाकता ड्रॉवरमधे ठेवतात. सारांश लिहिणारा लिहील "वडिलांनी पत्र लिहिलं पण पाठवलं नाही, यावरून त्यांचं प्रेम दिसतं", बस संपलं. त्याऐवजी असं लिहून बघा की पत्र लिहायला लेखकाने दोन पानं दिली आणि ड्रॉवर बंद करायला फक्त एक छोटं वाक्य, मला ते वाचताना धक्का बसला कारण मी पत्र पोहोचेल असं धरूनच चालले होते, आणि आता प्रश्न पडलाय की मुलाला हे पत्र कधीतरी सापडणार आहे का. यात पुस्तकातली नेमकी जागा आहे, तुम्हाला काय झालं ते आहे, लिहिण्याच्या पद्धतीमुळे ते का झालं ते आहे आणि पुढचा प्रश्न आहे, तेवढ्यात एक पान आरामात भरतं. मूळ ओळ आणि पान नंबर तेव्हाच उतरवून ठेवा कारण नंतर ती ओळ शोधण्यात तासभर जातो.

पुस्तक आवडलं नाही तर तसं लिहा, चालतं, पण कुठल्या पानापासून कंटाळा यायला लागला आणि तिथे काय बदललं ते सांगा. नुसतं बोअर झालं लिहून काही मिळत नाही.

नेटवरचे सारांश, आणि आता एआय पण, चॅप्टरच्या आधी वाचू नका. नंतर वाचा, मी पण वाचते, गोंधळलेला भाग कळायला उपयोग होतो. आधी वाचलं की मग तुम्ही दुसऱ्याच्या थांबलेल्या जागा शोधत बसता आणि स्वतःच्या दिसतच नाहीत.

शेक्सपिअरबद्दल वेगळं सांगते कारण त्याला सगळे घाबरतात. मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दोघंतिघं मिळून पात्रं वाटून घ्या, आणि ओळ संपली म्हणून थांबू नका, पूर्णविराम येईल तिथे थांबा (कवितेलाही हेच). शेवट कळेल म्हणून सारांश टाळायची तर इथे गरजच नाही, रोमिओ अँड ज्युलिएटच्या सुरुवातीच्या १४ ओळींतच दोघं मरणार हे सांगून टाकलंय, मग ते कसं होतं हेच बघायचं असतं. आणि बाल्कनीतल्या 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' या प्रसिद्ध ओळीतला 'व्हेअरफोर' म्हणजे कुठे नाही, तर का. ज्युलिएट त्याला शोधत नाहीये, तू रोमिओच का आहेस, आमच्या शत्रूच्याच घराण्यातला का, असं विचारतेय. एवढ्या एका शब्दाने माझा तो सीनच बदलला.

अजून एक, आणि इथे मराठी येत असल्याचा सरळ फायदा आहे. शेक्सपिअरच्या जुन्या इंग्लिशमधल्या 'दाऊ' (thou) आणि 'यू' मधला फरक म्हणजे साधारण आपलं तू आणि तुम्ही. किंग लिअरच्या पहिल्याच प्रवेशात केंट हा सरदार राजावर चिडून त्याला 'दाऊ' म्हणतो आणि वर 'म्हाताऱ्या' म्हणतो, म्हणजे भर दरबारात राजाशी एकेरीवर येतो! आपल्याला ते लगेच टोचतं. नाटक वाचताना कोण कोणाला कधी तू म्हणतंय आणि मधेच कधी बदलतंय यावर पेन्सिलीने खूण करत जा, रिफ्लेक्शनला विषय तिथेच सापडतो.

क्लासला जाताना एकच प्रश्न लिहून न्या, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असा. बाकीचे काय म्हणाले ते त्याच पानावर खाली लिहा आणि तुमचं मत बदललं तर आधीचं खोडू नका, दोन्ही राहू द्या, कारण मत का बदललं यावर पुढचं रिफ्लेक्शन होतं.

पुस्तक संपलं की त्याच दिवशी पहिली दोन पानं परत वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. स्टाइनबेकचं ऑफ माइस अँड मेन (१९३७) नदीकाठच्या ज्या जागी सुरू होतं तिथेच संपतं, आणि मी परत सुरुवातीला गेले तेव्हा तेच पाणी, तीच झाडं, पण पहिल्यांदा जे नुसतं वर्णन म्हणून भरभर वाचलं होतं ते आता वाचवत नव्हतं. माझं सगळ्यात मोठं रिफ्लेक्शन त्या दोन पानांवरच झालं.