दिवाळीच्या सुट्टीत ग्रीस: ऑफ सीझनच्या या चुका टाळा

ग्रीसच्या बेटांवरचा हंगाम साधारण ३१ ऑक्टोबरला आटोपतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून हॉटेलं, बोटी, बस एकेक करून कमी होत जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच गावांत शटर खाली येतात. आपली दिवाळी मात्र पुढेमागे सरकत असते. २०२५ मध्ये ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. त्यामुळे २०२५ ला जाऊन आलेल्या मैत्रिणीचा कार्यक्रम २०२६ साठी जसाच्या तसा उचलला, तर हॉटेलचं दार बंद आणि बोट रद्द असं दोन्ही वाट्याला येऊ शकतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ याच सीमारेषेत आहे.

बेट निवडताना फक्त फोटो बघणं

सँटोरिनीतल्या इया गावातली बरीच हॉटेलं नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, ती थेट मार्चअखेरीस उघडतात. क्रीट बेटावर एलुंडा, मालिया, हेर्सोनिसोस या किनाऱ्यावरच्या रिसॉर्ट-वस्त्यांचंही तेच. उलट हानिया, रेथिम्नो आणि इराक्लिओ ही वर्षभर नांदती शहरं आहेत. तिथे शाळा, कॉलेजं, भाजीबाजार सगळं चालू असतं. आमचा निकष सोपा आहे: पर्यटक गेल्यावरही जिथे माणसं राहतात, तिथेच नोव्हेंबरमध्ये मुक्काम करावा. मुख्य भूमीवर अथेन्स, नाफ्लिओ आणि थेस्सालोनिकी याच कारणाने बिनघोर.

हॉटेल उघडं आहे एवढ्यावरही समाधान मानू नका. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात खोली मिळते, पण पूल रिकामा आणि स्वयंपाकघर बंद असं होतं. बुकिंगआधी ईमेलवर चार प्रश्न लेखी विचारा: आमच्या तारखांना नाश्ता मिळेल का, पूल चालू असेल का, खोलीत हीटिंग कसलं आहे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर उघडी खानावळ आहे का.

पावसाचंही गणित आहे. पश्चिमेकडून येणारे ढग आयोनियन समुद्रावरची बेटं आणि पिंडस पर्वत यांच्यावर रिकामे होतात. म्हणून त्यांतल्या कोर्फू बेटाला वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर अथेन्सला सुमारे चारशे. हिरवंगार कोर्फू मे महिन्यासाठी ठेवा. पोहायचं असेल तर दक्षिणेकडे, म्हणजे क्रीट किंवा ऱ्होड्सला जा. क्रीटचं पाणी ऑक्टोबरमध्ये २३ अंशांच्या आसपास असतं आणि नोव्हेंबरमध्येही २० च्या खाली सहसा जात नाही.

बोटीच्या भरवशावर शेवटचा दिवस ठेवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. वारा साधारण ८ बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) घरात गेला की बंदर पोलीस जहाजं सोडत नाहीत. ग्रीक लोक याला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. हा शब्द कानावर पडला की समजायचं, आज जाणं नाही. वेगवान कॅटामरानना ही मर्यादा आणखी खालची असते, त्यामुळे त्या आधी थांबतात. शिवाय हंगाम संपताना त्यांच्या फेऱ्याही गुंडाळल्या जातात. पिरेयस या अथेन्सच्या बंदरापासून सँटोरिनीला कॅटामरानने पाच तासांच्या आसपास लागतात आणि गाड्या वाहणाऱ्या मोठ्या जहाजाने सुमारे आठ. शरद ऋतूत मोठं जहाजच घ्या. तीन तास जास्त जातात, पण ते सुटण्याची आणि पोटातलं पोटात राहण्याची शक्यताही जास्त.

हवामानामुळे फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा मिळते. जादा रात्रीच्या हॉटेलचा खर्च मात्र आपला, चुकलेल्या विमानाचाही. म्हणून क्रम असा ठेवा: भारतातून उतरल्यावर आधी बेट, शेवटी अथेन्स. परतीच्या विमानाआधी अथेन्समध्ये किमान एक, जमलं तर दोन रात्री हाताशी ठेवा. बरेच लोक नेमकं उलटं करतात, कारण शेवट समुद्रकिनाऱ्यावर व्हावा असं वाटतं. जुलैत ते चालून जातं.

तिकीट काढताना तिकडे चालू राहील असाच मोबाइल नंबर द्या. रद्द झाल्याचा निरोप एसएमएसने येतो आणि बऱ्याचदा आदल्या संध्याकाळीच येतो. सँटोरिनीसाठी अथेन्सहून हिवाळ्यातही विमान असतं, तर क्रीटसाठी पिरेयसहून रात्रीची जहाजं वर्षभर चालतात. रात्री निघून सकाळी इराक्लिओ, आणि एका हॉटेलची रात्र वाचते.

उजेडाचा हिशेब न करणं

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. २०२६ मध्ये ती तारीख २५ ऑक्टोबर. भारताशी फरक अडीच तासांवरून साडेतीन तासांवर जातो आणि अथेन्समधला सूर्यास्त साडेसहाऐवजी साडेपाचला होतो. अथेन्समधली टेकडीवरची प्राचीन वास्तू अक्रोपोलिस १ नोव्हेंबरपासून ८ ते ५ एवढंच उघडं असतं, शेवटचा प्रवेश अर्धा तास आधी. बाकीची अनेक सरकारी स्थळं हिवाळी वेळापत्रकात दुपारी साडेतीनलाच बंद होतात. त्यामुळे सकाळी आठला पहिलं स्थळ, जेवण दुपारी तीननंतर. अक्रोपोलिसचा संगमरवर लाखो पायांनी गुळगुळीत झालेला आहे आणि ओला झाला की त्यावर चप्पल टिकत नाही. रबरी तळव्याचे बूट घाला.

२८ ऑक्टोबर हा राष्ट्रीय सण. त्या दिवशी सरकारी स्थळांना प्रवेश मोफत असतो, पण संचलनांमुळे शहराच्या मधले रस्ते अडतात. नोव्हेंबर ते मार्च पहिल्या आणि तिसऱ्या रविवारीही प्रवेश मोफत. १७ नोव्हेंबरला अथेन्समध्ये १९७३ च्या विद्यार्थी उठावाच्या स्मरणार्थ मोर्चा निघतो आणि मधली मेट्रो स्टेशनं बंद ठेवली जातात. विमानतळावर जायचा तो दिवस नको.

गाडी घेताना

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधीच गाडी बुक करू नका. नुसता भारतीय परवाना पुरत नाही. गाडी उजव्या बाजूने चालवायची असते आणि स्वस्तातल्या गाड्या बहुतेक गिअरच्या असतात. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकण्यापेक्षा ऑटोमॅटिक घ्या, आणि ती आधीच मागून ठेवा. विम्यात टायर, काचा आणि गाडीचा तळ धरलाय का ते वाचा. सहसा धरलेला नसतो. उन्हाळाभर साठलेली धूळ आणि तेल पहिल्या पावसात वर येतं आणि रस्ता निसरडा होतो, तेव्हा त्या दिवशी घाटरस्ता टाळा. क्रीटच्या उत्तर हमरस्त्यावर मागची गाडी अंगावर येऊ लागली तर ती भांडायला आलेली नसते. थोडं उजवीकडे, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर सरकून तिला वाट द्यायची, हा तिथला रिवाज आहे.

क्रीटमधली सामारियाची घळ पायी उतरायची असेल तर सर्वसाधारणपणे ती मे ते ऑक्टोबरच खुली असते, आणि पावसाचा इशारा असला की त्या दिवशी बंद. १६ किलोमीटर उतरून आगिया रूमेलीला पोहोचलं की पुढे रस्ता नाही, फक्त बोट. संध्याकाळची बोट चुकली तर मुक्काम तिथेच.

खोलीत गार पाणी

ढगाळ दिवशी ही तक्रार हमखास येते. छतावर सौर हीटर असतो. ऊन नसेल तर विजेचा गिझर आपण लावायचा. त्याचा स्विच बाथरूममध्ये सापडत नाही. दाराजवळच्या फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडा. आत एक मोठा, बऱ्याचदा लाल दिव्याचा स्विच असतो. तो लावा, वीस-तीस मिनिटं थांबा, आंघोळीआधी बंद करा. मालकिणीला फोन करायची गरज नाही. हीटिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी एसीच. रिमोटवर सूर्याचं चिन्ह निवडा. टॉयलेट पेपर मात्र कमोडमध्ये टाकू नका, पाइप अरुंद असतात. शेजारची झाकणाची बादली त्यासाठीच आहे.

व्हिसा, कर आणि पोट

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निकालाला १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. दिवाळीचा अर्ज गणपतीनंतर करायचं ठरवलं तर अपॉइंटमेंटसाठीच धावपळ होते. व्हिसासाठी प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा हवा.

हॉटेलच्या बिलाशिवाय प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्री सरकारी हवामान शुल्क द्यावं लागतं. २०२५ च्या दरांनुसार चारतारांकितला एप्रिल ते ऑक्टोबर १० युरो, पंचतारांकितला १५. नोव्हेंबरपासून हेच ३ आणि ४. उशिराच्या दिवाळीचा तेवढा तरी फायदा.

शाकाहारी मंडळींनी ‘निस्तिसिमो’ हा शब्द लक्षात ठेवावा, म्हणजे उपवासाचं. १५ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत ग्रीक ऑर्थोडॉक्स उपवास असतो, तेव्हा खानावळींत हे पदार्थ वाढतात. मोठ्या घेवड्याचे ‘गिगान्तेस’, डाळीसारखी ‘फावा’, तेलात शिजवलेल्या भाज्या. मांस, अंडं, दूध यात नसतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस मात्र त्यांच्या उपवासाला चालतात. म्हणून नुसतं ‘निस्तिसिमो’ म्हणून थांबू नका, ‘होरिस थालासिना’ हेही म्हणा: समुद्रातलं काही नको. भरलेल्या टोमॅटोत खिमा आहे का, तेही दर वेळी विचारा. एकाच गावात दोन्ही प्रकार मिळतात.