लेटरप्रेसवर डाय कटिंग सुरू करताय? आधी या चुका टाळा

लेटरप्रेसवर (उठावाची अक्षरं कागदावर दाबून छापणारं मशीन) छपाई येते म्हणजे डाय कटिंग, म्हणजे स्टीलची पत्ती बसवलेल्या साच्याने (डायने) कागद हव्या त्या आकारात कापणं, पण जमेल असं वाटणं साहजिक आहे, मशीन तेच, चेस (लोखंडी चौकट) तोच, लॉकअप (चौकटीत सगळं घट्ट आवळणं) पण तसंच. पण छपाईत शाई कागदाला नुसती टेकवायची असते आणि इथे स्टीलची पत्ती आरपार न्यायची असते, त्यामुळे मशीनवर येणारा ताण कितीतरी जास्त असतो आणि छपाईच्या हाताला बसलेल्या सवयीच इथे नडतात.

सगळ्यात पहिली गोष्ट, शाईचे रोलर काढून ठेवा. नुसती शाई पुसली, चकती साफ केली की झालं असं नाही हो, रोलर डायवरून एकदा जरी फिरले तरी पत्ती त्यांना चिरते आणि रोलर गेले म्हणजे गेलेच.

दुसरं पॅकिंग. छपाईचं मऊ पॅकिंग (कागदामागचे मऊ थर) तसंच ठेवून त्यावर डाय मारू नका, पत्ती कागद कापून थेट पॅकिंगमध्ये घुसते, कडा फाटल्यासारखी येते आणि प्लॅटनच्या (कागद दाबणाऱ्या सपाट पाट्याच्या) पृष्ठभागाला पण धोका. सगळं पॅकिंग काढा आणि प्लॅटनवर पातळ स्टीलची प्लेट घट्ट बसवा. आता इथे उंचीचा हिशोब समजून घ्या. खिळ्यांची (छपाईच्या अक्षरांच्या तुकड्यांची) उंची 0.918 इंच, म्हणजे साधारण 23.3 मिमी, आणि डायमधली कटिंग पत्ती बहुतेक वेळा 0.937 इंच, म्हणजे 23.8 मिमी. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात पत्तीची धार बसते किंवा मशीन अडकतं. 0.918 ची पत्ती पण मिळते, म्हणून डाय बनवायला देतानाच मशीन लेटरप्रेस आहे हे सांगा आणि उंची ठरवून घ्या. लावल्यावर मोटर चालू करायची नाही, फ्लायव्हील हाताने फिरवून प्लॅटन पूर्ण बंद होतो का बघायचं. हाताला अडतंय असं जाणवलं तर थांबा, जोर लावून पुढे ढकलू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. एक बाजू कापली गेली, दुसरी अर्धवट राहिली, की लगेच इंप्रेशन (दाब) वाढवायचं. नका करू हे! दाब वाढवला की जिथे आधीच कापत होतं तिथली पत्ती प्लेटवर आपटून बोथट होते आणि राहिलेली बाजू कापली तरी थोड्या वेळात पहिली बाजू सोडायला लागते, मग परत दाब वाढवा, असं करत करत नवी डाय एका जॉबमध्ये संपते. दाब कमीच ठेवून सुरुवात करा, इतका कमी की पहिल्या शीटवर नुसती खूण उमटेल, आणि अगदी थोडा थोडा वाढवत न्या. बरीचशी लाइन कापायला लागली की थांबा. मग शीट उलटी करून उजेडासमोर धरा, जिथे आरपार उजेड दिसतो तिथे कापलंय, जिथे नुसता उठाव लागतो तिथे राहिलंय. तेवढ्याच जागी स्टील प्लेटच्या मागे टिश्यू किंवा पातळ कागदाची पट्टी चिकटवा, परत एक शीट मारा, परत बघा. हेच मेकरेडी, आणि डाय कटिंगचं खरं काम हेच आहे, वेळ जातो पण जाऊ द्या. त्याआधी डाय चेसच्या मधोमध आहे ना तेवढं बघून घ्या, एका कोपऱ्यात लावलेली डाय कितीही पट्ट्या लावल्या तरी त्रास देते.

कडा केसाळ, भुसा सुटल्यासारखी येत असेल तर पत्तीची धार तपासा. दिव्याखाली डाय तिरकी धरली की चांगली धार चमकत नाही, बसलेल्या धारेवर बारीक चमकती रेघ दिसते. अशी रेघ दिसली की मेकरेडीत वेळ घालवू नका, पत्ती बदलून घ्या.

कागद डायमध्येच अडकून राहत असेल तर रबर बघा. पत्तीच्या दोन्ही बाजूंना रबर हवं, पत्तीपेक्षा साधारण दीड-दोन मिमी वर आलेलं, तेच कागदाला बाहेर ढकलतं. उलट तुकडे मशीनवरच सुटून पडत असतील तर धारेत अगदी बारीक खाचा पाडून घ्या, म्हणजे शीट एकसंध निघते आणि नंतर हाताने सोडवता येते. खाच शक्यतो न दिसणाऱ्या बाजूला घ्या.

बॉक्स किंवा फोल्डरची घडी तडकत असेल तर बऱ्याचदा दोष क्रीझच्या (घडीसाठी दाबून पाडलेल्या रेघेच्या) खाचेत, म्हणजे क्रीझ पत्ती कागदाला ज्या खोबणीत दाबते तिच्यात असतो. खाचेची रुंदी म्हणजे कागदाच्या जाडीची दीडपट अधिक क्रीझ पत्तीची जाडी, म्हणजे 0.4 मिमी बोर्ड आणि 0.7 मिमी पत्ती असेल तर 1.3 मिमी. आणि मुख्य घडी कागदाच्या ग्रेनच्या (तंतूंच्या) दिशेत येईल असं आधीच ठरवा, आडवी आली तर क्रीझ कितीही चांगली असली तरी फुटू शकते.

छापलेला जॉब असेल तर शाई पूर्ण वाळू द्या, रबर त्यावर दाबलं जातं आणि डाग पडतात. छापताना ज्या दोन कडांना शीट लावली त्याच दोन कडा कापताना लावा, नाहीतर डिझाइन सरकतं. गेज पिन (शीट टेकवायच्या पिना) आणि ग्रिपर (शीट धरणारे पट्टे) पत्तीखाली येत नाहीत ना ते पण फ्लायव्हील हाताने फिरवतानाच बघा.

आणि सुटलेला तुकडा काढायला चालू मशीनमध्ये हात घालू नका, कधीच नाही. छपाईत बोट चेंगरतं, इथे समोर धार आहे. तुकडा पडला तर पडू द्या, मशीन बंद करा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, मग काढा.